विज्ञानविदुषी डॉ. कमलाबाई सोहोनी

थोर स्त्रीपुरुषांच्या चरित्राचा परिचय समाजबंधुभगिनींस करून द्यावा, हे आपल्या स्मरणिकेचे एक कार्य आहे असे आम्ही समजतो. यंदा त्यासाठी आम्ही जी व्यक्ती निवडली ती आपल्या समाजात जन्मलेली नाही आणि आपल्या वऱ्हाडातीलही नाही. तथापि तिच्या चरित्रातील एक प्रसंग असा आहे की, तो बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर आजही निराळ्या वेषात येऊन उभा राहतो. म्हणूनच डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र सर्व कुटुंबांनी, विशेषतः मुलींच्या आईवडिलांनी, लक्षपूर्वक वाचावे अशी आमची विनंती आहे.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर. बंगळूर येथे जमशेटजी टाटा यांच्या औदार्यातून जी विज्ञानसंस्था १९०९ साली स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत या बंधूंची गणना होते. ही संस्था त्या काळी टाटा इन्स्टिट्यूट या नावाने सर्वत्र प्रसिद्ध होती. कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे मराठी सारस्वतात विदुषी म्हणून गाजलेल्या, १९७५ सालच्या कऱ्हाड येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. एका बहिणीने लोकसाहित्य आणि संस्कृती यांचा ध्यास घेतला, तर दुसरीने वडिलांचे रसायनशास्त्र उचलले. ज्या घरात परीक्षानळी आणि ग्रंथ या दोहोंना सारखाच मान होता, अशा घरात जन्म लाभणे हे कमलाबाईंचे मोठे भाग्य होय. आपल्या पुष्कळ मुलींस हे भाग्य लाभत नाही, याची जाणीव आम्हांस आहे. त्याविषयी पुढे लिहूच.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय व पदार्थविज्ञान हा दुय्यम. गुणानुक्रमे त्यांचा क्रमांक पहिला लागला. वडिलांच्या व चुलत्यांच्या पावलावर पाऊल ठेवून बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी जावे, असे त्यांनी ठरविले आणि रीतसर अर्ज पाठविला. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास प्रवेश नाकारला जाईल अशी शंका येण्याचे काही कारणच नव्हते.

त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आली होती. प्रकाशाच्या विकिरणासंबंधीच्या शोधाबद्दल १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी पारतंत्र्यातील हिंदुस्थानची मान जगात उंच केली होती. अशा या महापुरुषाने कमलाबाईंचा अर्ज नामंजूर केला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. स्त्रिया संशोधनाच्या कामास योग्य नव्हेत, असे त्यांचे मत होते. वडिलांनी आणि चुलत्यांनी विनंती करून पाहिली, ते संस्थेचे जुने विद्यार्थी होते, तरी उपयोग झाला नाही.

येथे सामान्य मनुष्य निराश झाला असता. घरच्यांनीही नशिबाला बोल लावून दुसरा मार्ग सुचविला असता. परंतु ते दिवस महात्माजींच्या सत्याग्रहाचे होते, आणि त्या विचारांचा संस्कार या तरुण मुलीच्या मनावर खोल झाला होता. ती बंगळूरला गेली, संचालकांसमोर उभी राहिली आणि प्रवेश मिळाल्यावाचून आपण येथून हलणार नाही, असे तिने निश्चयपूर्वक सांगितले. तिने कोणास अपशब्द वापरला नाही आणि कोणाची भीडही धरली नाही. गुणवत्तेत आपण कमी नाही, मग दार बंद का, एवढाच तिचा प्रश्न होता. या प्रश्नास नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पंडितापाशीही उत्तर नव्हते.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिली अट अशी की, एक वर्षपर्यंत तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. तिच्या कामाचा दर्जा संचालकांस पटेल तेव्हाच त्या कामास मान्यता मिळेल. दुसरी अट, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही, काम केले पाहिजे. आणि तिसरी अट, तिच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. वाचकांनी क्षणभर थांबून या अटींचा विचार करावा. बरोबरीने प्रवेश घेणाऱ्या कोणाही मुलास एक वर्षाची परीक्षा द्यावी लागत नव्हती. इतरांचे चित्त स्थिर राखण्याची जबाबदारीही कोणा मुलावर टाकलेली नव्हती.

कमलाबाईंना हा अपमान बोचला. तो त्या जन्मभर विसरल्या नाहीत. रामन हे शास्त्रज्ञ म्हणून थोर खरे, पण स्त्रीच्या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, हे वृद्धापकाळीही त्यांनी उघड बोलून दाखविले. तरीही त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या. आमच्या मते त्यांचे खरे शहाणपण येथेच दिसते. काम करण्याची संधी हाती आली की मग निकाल कामच लावील, असा त्यांना विश्वास होता.

श्रीनिवासय्या नावाचे गुरू त्यांना लाभले. ते शिस्तीचे कडक होते, पण विद्यार्थिनीस विद्या देताना हात आखडता घेणारे नव्हते. जीवरसायनशास्त्रातील मूळ ग्रंथ वाचावे, जगातील नामांकित शास्त्रज्ञांचे लेख अभ्यासावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. हा विषय आपल्या देशास किती जवळचा आहे हे सांगणे नको. ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस नाही आणि दूधही बेताचे, तेथे शरीर घडविणारे द्रव्य येते ते मुख्यतः डाळीतून.

वर्ष सरले. संचालक कामावर प्रसन्न झाले आणि कमलाबाईंस नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली. १९३६ साली विशेष प्रावीण्यासह त्यांना एम.एस्‌सी. पदवी प्राप्त झाली. परंतु याहून मोठी गोष्ट निराळीच घडली. या एका मुलीचे काम पाहिल्यावर त्या संस्थेने इतर मुलींनाही दार उघडले. पुढे १९४० साली केरळातील ॲना मणी या विदुषी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांचा अभ्यास करू लागल्या व नंतर भारताच्या हवामानखात्यात त्यांनी मोठे नाव मिळविले. ज्या वाटेने ॲनाबाई गेल्या, त्या वाटेवरील काटे आधी कमलाबाईंच्या पायांनी मोडले होते.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली कमलाबाई इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स हे होते. अन्नातील जीवनसत्त्वांसंबंधीच्या कार्याबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्रीसंशोधकांना पुष्कळ वाव असे. म्हणजे एक नोबेलविजेता स्त्रीस दाराबाहेर उभी करतो आणि दुसरा तिला आत बोलावून जागा देतो. विद्वत्ता सारखी असूनही मनाचा मोठेपणा सारखा असतोच असे नाही, हाच याचा अर्थ. मात्र खुद्द केंब्रिज विद्यापीठही या बाबतीत निर्दोष नव्हते. तेथे स्त्रिया शिकत, परीक्षा उत्तीर्ण होत, परंतु विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व त्यांना १९४८ सालापर्यंत मिळाले नाही. साहेबाच्या देशात सर्व काही आलबेल होते, असा समज कोणी करून घेऊ नये.

प्रयोगशाळेत जागेची टंचाई होती. डॉ. डेरेक रिक्टर या संशोधकाने आपल्या जागेत कमलाबाईंची सोय करून दिली आणि आरंभीचे काम त्यांच्याबरोबर झाले. पुढे डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या पेशींवर त्यांनी संशोधन सुरू केले. बटाट्यावर काम करीत असता त्यांना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य आढळले.

हे द्रव्य म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गावात कोठे आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि पाण्याची घागर हातोहात पुढे जाते, हे जुन्या मंडळींनी पाहिले असेल. प्रत्येक सजीव पेशीत अशीच एक रांग असते. अन्नातून सुटलेले सूक्ष्म विद्युत्कण या रांगेतून हातोहात पुढे जात शेवटी प्राणवायूस मिळतात, आणि या प्रवासात जी शक्ती मोकळी होते तिच्यावर जीव जगतो. सायटोक्रोम सी हे लोह असलेले प्रथिन म्हणजे या रांगेतील एक गडी होय. प्राण्यांच्या पेशींत जी रांग आहे तशीच वनस्पतींच्या पेशींतही आहे, हे कळण्यास कमलाबाईंच्या कामाची मदत झाली. बैल आणि त्याच्या पुढ्यातील कडबा हे दोघेही मुळात एकाच रीतीने श्वास घेतात, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. केंब्रिजला पोहोचल्यापासून सुमारे १४ महिन्यांत त्यांनी तो सादर केला. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला होता, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. तेथून निलगिरीतील कुन्नूर येथील आहारसंशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. परंतु तेथे पुढील उत्कर्षाचा मार्ग स्पष्ट दिसेना. १९४७ साली विमागणितज्ञ श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. विवाह म्हणजे अभ्यासास पूर्णविराम, असा हिशेब पुष्कळ घरांत मांडला जातो. कमलाबाईंच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काम विवाहानंतरच झाले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

मुंबईच्या विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची पिढी घडविली आणि पुन्हा आपल्या जुन्या विषयाकडे, म्हणजे गरिबाच्या अन्नाकडे, वळल्या. कडधान्यांत प्रथिने भरपूर, मग ती कच्ची खाल्ली तर अंगी का लागत नाहीत, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचक रस असतो, तो प्रथिने पचवितो. काही कडधान्यांत या रसास अडविणारे द्रव्य असते. कमलाबाईंनी आपल्या विद्यार्थ्यांसह वाल आणि डबल बी यांतून हे द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढले. १९५५ साली त्याचे वृत्त इंग्लंडातील नेचर या विश्वविख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उष्णतेने हे अडथळा आणणारे द्रव्य बव्हंशी निकामी होते. आपल्या घरातील आजी बरबटी रात्रभर भिजवून, नीट शिजवून मगच घुगऱ्या वाढते, कच्चे दाणे मुलांस खाऊ देत नाही. तिला ट्रिप्सिनचे नाव ठाऊक नसते. पण तिच्या अनुभवामागील कारण शोधणारी आपल्यापैकीच एक मराठी स्त्री होती, हे आपल्या मुलींस ठाऊक असावे.

दुसरे मोठे काम नीरेवरील. ताडामाडाचा व शिंदीचा ताजा रस सूर्योदयापूर्वी उतरविला तर ती नीरा. ऊन लागून आंबली की तिचीच ताडी अथवा शिंदी होते, हे सर्वांस माहीत आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास आरंभिला. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे आणि लोह असते, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुलामुलींस आणि गर्भवती स्त्रियांस नीरा दिल्याने त्यांच्या प्रकृतीत सुधारणा होते, हे त्यांच्या प्रयोगांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. ज्या झाडाकडे आपण केवळ व्यसनाचे मूळ म्हणून पाहतो, त्यातच त्यांनी भुकेल्या लेकरांचे अन्न पाहिले. मुंबईच्या आरे दूधयोजनेसही दुधाच्या गुणवत्तेविषयी त्यांनी मार्गदर्शन केले.

एवढे कर्तृत्व असूनही मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद त्यांना सहज मिळाले नाही. संस्थेतील अंतर्गत राजकारणामुळे सुमारे ४ वर्षे त्यांना वाट पाहावी लागली. बंगळूरला एक वर्षाची परीक्षा होती, येथे ती चार वर्षांची झाली. फरक इतकाच की, पहिली अट तोंडावर सांगितली गेली होती आणि दुसरी कोणी बोलून दाखविली नाही. अखेर त्या संचालक झाल्या व १९६९ साली सेवानिवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर बहुतेक माणसे विश्रांती घेतात. कमलाबाईंनी बाजाराकडे लक्ष वळविले. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली होती. कमलाबाई तिच्या कार्यात सामील झाल्या व १९८२-८३ या वर्षी तिच्या अध्यक्षा झाल्या. अन्नातील भेसळ आणि ग्राहकाची सुरक्षितता या विषयांवर त्या संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिले. केंब्रिजची पदवी घेतलेली विदुषी हळद, तिखट आणि तेल यांतील भेसळीविषयी गृहिणींशी बोलते, यात तिला कमीपणा वाटला नाही.

१९९८ साली दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला.  सत्कारसमारंभातच त्या कोसळल्या आणि २८ जून १९९८ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या विज्ञानाच्या दारात त्यांना एकदा थांबविले गेले होते, त्याच विज्ञानाच्या सभेत सन्मान स्वीकारताना त्यांची जीवनयात्रा संपत आली.

असा हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय समाजातील मेरी मेनार्ड डेली यांनी १९४७ साली कोलंबिया विद्यापीठातून रसायनशास्त्राची पीएच.डी. मिळविली. त्या समाजातील ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या वडिलांनीही रसायनशास्त्र शिकण्यास आरंभ केला होता, पण पैशाअभावी त्यांना ते सोडावे लागले. मुलीने वडिलांचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे केले, हृदयरोग आणि रक्तातील मेद यांच्या संबंधावर महत्त्वाचे काम केले, आणि १९८८ साली वडिलांच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तिनिधी ठेवला. बाईपण आणि वर्ण या दोन्ही भिंती त्यांना ओलांडाव्या लागल्या. पण त्यांच्याही पाठीशी मुलीवर विश्वास ठेवणारा बाप होता, हे विसरता येत नाही.

आता जे आरंभी सांगितले त्याकडे वळतो. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे शिकलो नाही. परंतु फळ्यासमोर उभे राहून जिल्ह्यातील मुलामुलींच्या कितीतरी तुकड्या पाहिल्या. मुलगा एकदा नापास झाला तर त्याला पुन्हा बसवितात, दुसऱ्यांदा झाला तरी शिकवणी लावितात. मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, तिने विज्ञानशाखा मागितली, तर घरात विचार सुरू होतो. खामगाव लांब आहे, अकोला त्याहून लांब आहे, आणखी एक वर्ष पाहू, तोवर चांगले स्थळ आले तर बरेच. या सर्वांचा अर्थ एकच. मुलाची योग्यता आपण गृहीत धरतो आणि मुलीस ती सिद्ध करावयास सांगतो. बंगळूरच्या संचालकांनी जी अट घातली होती, तीच अट आपण आपल्या ओटीवर बसून रोज घालीत असतो. रामन यांस संकुचित म्हणण्याचा अधिकार आपणांस तेव्हाच पोहोचेल, जेव्हा आपल्या घरातील ही अट आपण काढून टाकू.

कमलाबाईंच्या पाठीशी सुशिक्षित घर होते. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत मुलगी हीच पहिली शिकणारी व्यक्ती असते. तिला प्रयोगशाळेची भाषा घरात कोणी शिकवीत नाही. म्हणजे तिला कमलाबाईंपेक्षा अधिक आधाराची गरज आहे, कमी नव्हे. वडिलांस रसायनशास्त्र येत नसले तरी चालेल. मुलीसाठी दोन शब्द टाकण्याची, तिला शहरातील वसतिगृहात पोहोचवून येण्याची आणि शेजाऱ्याच्या कुत्सित प्रश्नास शांतपणे उत्तर देण्याची तयारी असली म्हणजे पुरे.

ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे राजमाता जिजाऊंचा जन्म झाला, त्या जिल्ह्याने मुलीच्या सामर्थ्याविषयी शंका घ्यावी हे शोभत नाही. यंदा ज्या कुटुंबांत मुलगी दहावी वा बारावी उत्तीर्ण झाली असेल, त्यांनी तिला इतकेच सांगावे की तुझ्यावर कोणतीही अट नाही, तू शीक. एवढे जरी आपल्या समाजात घडले, तरी या विदुषीचे चरित्र लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.